वाऱ्याचा हिशेब

इमारतीचं वजन तसं सरळमार्गी असतं. ते खाली येतं, आणि मजले वाढवले तर त्याच पटीत वाढतं. वाऱ्याचं तसं नाही. उंची दुप्पट केली की इमारतीला बुडापासून उलथवू पाहणारा वाऱ्याचा जोर चौपट होतो, आणि तिचा ताठपणा आहे तेवढाच ठेवला तर शेंड्याचं झुकणं सोळापट. इंजिनिअरिंगला असताना सरांनी हे गणित फळ्यावर सोडवून दाखवलं तेव्हा वर्गात कुणालाच त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न, एवढीच त्याची ओळख. पुढे स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसात लागले, चाळीस-चाळीस मजल्यांची ड्रॉइंगं हाताखालून जाऊ लागली, तेव्हा कळलं की उंच इमारतीचं खरं भांडण वाऱ्याशी असतं. हे भांडण ज्याने सगळ्यात शहाणपणाने मिटवलं तो माणूस ढाक्यात जन्मला होता. फझलूर रहमान खान. या धंद्यात मी ज्यांची ऋणी आहे त्यांत त्यांचं नाव फार वर आहे.

त्यांचा एक तक्ता जगभरातल्या पाठ्यपुस्तकांत असतो. इमारतींच्या लहान लहान आकृत्या चढत्या उंचीने ओळीत मांडलेल्या, आणि कोणत्या पद्धतीचा सांगाडा किती मजल्यांपर्यंत परवडतो त्याची नोंद. दिसायला अगदी साधा. पण त्याच्या आधीचे इंजिनिअर काय करत होते ते पाहिलं की त्याचं मोल कळतं. वीस मजल्यांना कॉलम-बीमची जी चौकट चालते तीच चौकट जाड करत करत साठ मजल्यांना वापरायची, हा तेव्हाचा रिवाज. वारा वाढला की लोखंड वाढवा. आपल्याकडे साइटवर कुठल्याही इमारतीबद्दल पहिला प्रश्न असतो, "फुटाला किती किलो?" म्हणजे बांधकामाच्या दर चौरस फुटामागे लोखंड किती. त्याच भाषेत सांगायचं तर १९३१ सालच्या एम्पायर स्टेट इमारतीला फुटाला सुमारे १९ किलो लागलं. न्यूयॉर्कच्याच साठ मजली चेस मॅनहॅटन बँकेच्या इमारतीला, तीस वर्षांनंतर, सुमारे २५. खान यांच्या शंभर मजली जॉन हँकॉक सेंटरला साडेतेरा.

या आकड्यांपाशी मी अजूनही थबकते. साठ मजल्यांना २५ आणि शंभर मजल्यांना साडेतेरा. लोखंड तेच, वारा तोच. फरक होता तो फक्त विचारात.

खान यांचा जन्म ३ एप्रिल १९२९ चा. वडील अब्दुर रहमान खान गणिताचे शिक्षक, गणिताची पाठ्यपुस्तकं लिहिणारे, पुढे बंगालच्या शिक्षणखात्यात मोठ्या पदावर गेलेले. मुलगा शिकायला कलकत्त्याला गेला, शिबपूरच्या बेंगॉल इंजिनिअरिंग कॉलेजात. मध्येच फाळणी आली. शिक्षण शिबपूरला पुरं झालं नाही, ते ढाक्याच्या अहसानउल्ला इंजिनिअरिंग कॉलेजात झालं. तिथे ते पहिले आले. १९५२ मध्ये शिष्यवृत्त्या मिळवून अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात गेले आणि तीन वर्षांत दोन मास्टर्स पदव्या आणि एक डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले. १९५५ मध्ये शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या वास्तुरचनाकारांच्या कंपनीत नोकरी. १९५७ मध्ये ते मायदेशी परतले, म्हणजे तेव्हाच्या पाकिस्तानात, कराचीला. त्यांच्या हातांना पुरेल असं काम तिथे नव्हतं. १९६० मध्ये पुन्हा शिकागो. शिकून परत यायचं, इथे जीव लावून पाहायचं आणि मग जड मनाने पुन्हा विमानात बसायचं, हे आपल्याकडच्याही कितीतरी घरांनी पाहिलेलं आहे. त्या माणसांबरोबर निघून गेलेलं कौशल्य मोजायला कुठलीच फूटपट्टी पुरत नाही.

दुसऱ्यांदा गेल्यावर पाच-सहा वर्षांत त्यांनी जे केलं ते समजायला बांबू डोळ्यांपुढे आणावा. बांबू आतून पोकळ असतो आणि वादळात उभा राहतो. वाकण्याला विरोध करतो तो कडेचा भाग. मधोमध असलेला माल जवळपास नुसताच बसून असतो. खान यांनी इमारतीचे कॉलम तिच्या पोटातून काढून कडेला आणले, एकमेकांच्या जवळजवळ उभे केले आणि मजल्यामजल्याला खोल बीमनी जखडून टाकले. इमारतीची चारी बाजूंची भिंत मिळून एक नळी झाली. जमिनीत रोवलेली, खिडक्यांची भोकं पाडलेली, पण एकसंध वागणारी. शिकागोची डीविट-चेस्टनट ही ४३ मजल्यांची राहती इमारत या पद्धतीची पहिली. काँक्रीटची, बाहेरचे कॉलम साडेपाच फुटांच्या अंतरावर. साठच्या दशकाच्या मध्यावर ती पुरी झाली. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती एक नीटस, शांत इमारत वाटते. उंच इमारतींच्या इतिहासातलं केवढं मोठं वळण आपण मागे टाकून पुढे चाललो, हे त्याला कळण्याचं कारण नाही.

आमच्या एका साइटवर बंगालमधल्या मालदाकडचे फिटर होते. मुंबईतल्या उंच इमारतींची सळई बांधणाऱ्या हातांत मालदा-मुर्शिदाबादचे हात खूप आहेत. स्लॅबची तपासणी करायला वर गेले की त्यांच्यातला एक वयस्क फिटर हमखास बोलायला यायचा. खाली पान हलत नसलं तरी वर सळई हातात धरवत नाही, एवढा वारा असतो, असं तो सांगे. कडेच्या कॉलमना इतकी दाट सळई कशाला, आणि मधल्यांना का नाही, असं त्याने एकदा विचारलं. प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा होता. मी त्याला वाऱ्याचं आणि कडेच्या कॉलमांचं सगळं सांगितलं, आणि हे ज्याने शोधलं तो तुमच्याच भाषेत बोलणारा होता, ढाक्याचा, हेही सांगितलं. त्याने नाव विचारलं. बाकीच्यांना हाक मारून बंगालीत काहीतरी सांगितलं. मग बांधायची तार आकड्याला अडकवून पुढची गाठ मारायला घेतली. त्या दिवशीची त्या कॉलमची बांधणी मी तपासली. एकही गाठ सैल नव्हती.

हँकॉक सेंटर मी पाहिलं ते मावसबहिणीकडे शिकागोला गेले होते तेव्हा. मिशिगन ॲव्हेन्यूवर मान मागे टाकून पाहावं लागतं. वर निमुळता होत गेलेला काळा मनोरा, ३४४ मीटर उंच, आणि चारी बाजूंना एकावर एक रचलेल्या अवाढव्य फुल्या. एकेक फुली कितीतरी मजले व्यापणारी. ताई तिथे वर्षानुवर्षं राहते, पण तिला त्या फुल्यांविषयी माझ्याशीच बोलायचं होतं. "अगं, एवढ्या लोकांच्या खिडक्यांवरून तिरकं लोखंड गेलंय. आतल्या माणसाला खुपत नसेल का ते?" तिने विचारलं. मी म्हटलं, "ताई, ते तिरकं लोखंड आहे म्हणून बाकीची खिडकी एवढी मोठी आहे."

खरंच तसं आहे. नळीची पद्धत पन्नास-साठ मजल्यांपुढे नेली की कडेचे कॉलम फार दाट करावे लागतात आणि बाहेरचं दिसणं बंद होतं. खान आणि वास्तुरचनाकार ब्रूस ग्रॅहॅम यांनी कॉलम विरळ केले आणि त्यांना तिरक्या दांड्यांनी बांधलं. लोखंडाला वाकायला लावलं तर ते लवकर हरतं. तेच लांबीच्या दिशेने ताणलं किंवा दाबलं तर फार मोठा भार पेलतं. फुलीमुळे वाऱ्याचा जोर वाकवण्याऐवजी ताणत-दाबत खाली उतरतो. शिवाय एका कॉलमवर आलेलं जादा वजन शेजारच्यांत वाटलं जातं. खान शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकवायचे, आणि फुलीच्या सांगाड्याचा अभ्यास आधी तिथल्या मिकिओ सासाकी या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी केला होता. विद्यार्थ्याच्या टेबलावरचं काम पाच वर्षांच्या आत शंभर मजल्यांचं झालेलं मला तरी दुसरीकडे ठाऊक नाही.

आणि हा सांगाडा त्यांनी लपवला नाही. इमारत कशी उभी आहे हे रस्त्यावरच्या माणसाला दिसतं. वरून येणाऱ्या दोन तिरक्या रेषा कोपऱ्याच्या कॉलमला कुठे मिळतात, तिथून भार कुठे जातो, हे बोटाने दाखवता येतं. ताईला मी तसंच दाखवलं. ती बराच वेळ त्या जोडाकडे पाहत राहिली.

त्या इमारतीत खाली दुकानं, वर मोटारी ठेवायच्या जागा, त्याच्या वर कचेऱ्या आणि ४४ व्या मजल्यापासून पुढे घरं. त्याच मजल्यावर पोहण्याचा तलाव आहे. आज हे ऐकून कुणाला नवल वाटणार नाही. पण माणसं जमिनीपासून दोनशे-तीनशे मीटरवर संसार मांडणार, झोपणार, आजारी पडणार, मुलं वाढवणार, म्हणजे एक नवाच प्रश्न उभा राहत होता. उंच इमारत वाऱ्यात डोलतेच. ती पडणार नाही याची खात्री गणित देतं. पण किती डोललं तर माणसाला मळमळेल, भीती वाटेल, झोप लागणार नाही, हे कुठल्याच गणितात नव्हतं. शिकागोच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात कपडे धुण्याच्या यंत्रांच्या एका प्रदर्शनात हलता मंच होता. खान यांनी त्या मंचावर माणसं घेऊन, हालचाल कमी-जास्त करून, ती अंगाला केव्हा जाणवू लागते ते नोंदवलं. शंभर मजल्यांच्या इमारतीचा एक मोठा निर्णय अशा उसन्या साधनावर तपासला गेला. मला हा प्रसंग त्यांच्या सगळ्या समीकरणांइतकाच मोलाचा वाटतो. वर राहायला जाणाऱ्या, कधीही न भेटणाऱ्या कुणा बाईच्या डोक्याला घेरी येऊ नये, याची काळजी एका इंजिनिअरने केली.

काम सुरळीत पार पडलं असंही नाही. १९६६ मध्ये सांगाडा चढत असताना एक कॉलम खचल्याचं लक्षात आलं. जमिनीत खोल उतरवलेल्या पायाच्या एका खांबात काँक्रीटच नीट भरलं गेलेलं नव्हतं, मध्ये पोकळी राहिली होती. काम थांबलं, बाकीचे खांब तपासले गेले, दुरुस्ती झाली आणि मगच पुढचा मजला चढला. १९६९ मध्ये इमारत पुरी झाली. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ सुरू झालं तेही त्याच वर्षी. मंडळाच्या पहिल्या पिढीतल्या किती जणांनी त्या फुल्या चढताना रोज पाहिल्या असतील.

मग शिकागोतलाच सीअर्स टॉवर. इथे फुल्या नाहीत. प्रत्येकी ७५ फूट चौरसाच्या नऊ नळ्या एकमेकींना चिकटवून उभ्या केलेल्या. शेजारशेजारच्या नळ्यांची भिंत सामाईक, त्यामुळे सगळ्या मिळून एक ताठ जुडगा. वर जाताना एकेक नळी थांबते. पन्नासाव्या मजल्याच्या आसपास दोन, सहासष्टाव्याच्या आसपास आणखी दोन, नव्वदाव्याला तीन. शेवटच्या दोन एकशे दहाव्या मजल्यापर्यंत जातात. ४४२ मीटर. पंचवीसएक वर्षं ही जगातली सर्वांत उंच इमारत होती, १९९८ मध्ये क्वालालंपूरच्या जुळ्या मनोऱ्यांनी तो मान घेईपर्यंत. नळ्या वेगवेगळ्या उंचीवर थांबवता येतात, म्हणजे इमारतीला हवा तो आकार देता येतो, हे या रचनेचं खरं देणं. चौकोनी खोक्यातून वास्तुरचनाकारांची सुटका झाली ती इथे.

सीअर्सचं बांधकाम चालू होतं तेव्हा साल होतं १९७१. मार्चमध्ये ढाक्यात कत्तली सुरू झाल्या. शिकागोतल्या या यशस्वी माणसाने हातातलं जगातलं सर्वांत मोठं काम सांभाळून आपल्या लोकांसाठी संघटना उभी केली, बांगलादेशासाठी मदत गोळा केली, अमेरिकेतलं मत वळवण्यासाठी धडपड केली. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्म, कलकत्त्यात शिक्षण, पाकिस्तानच्या शिष्यवृत्तीवर परदेश, अमेरिकेचं नागरिकत्व, आणि जीव अडकलेला बांगलादेशात. या माणसाला एका देशाचा म्हणायला मला जड जातं. घरी ते रवींद्रनाथांची गाणी म्हणत. इंजिनिअरने आपल्या तंत्रात हरवून जाऊ नये, त्याला कलेची, नाटकाची, संगीताची आणि मुख्य म्हणजे माणसांची ओढ असली पाहिजे, असं ते सांगत आले. हलत्या मंचावर माणसं घेणारा इंजिनिअर आणि गाणी म्हणणारा इंजिनिअर एकच आहे, हे मला फार उशिरा उमगलं.

जेद्दाच्या विमानतळावरचं हज टर्मिनल हे त्यांचं अखेरच्या काळातलं मोठं काम. गॉर्डन बनशाफ्ट यांच्या जोडीने केलेलं. इथे उंचीचा प्रश्नच नव्हता. वर्षातल्या थोड्या दिवसांत लाखो यात्रेकरू उतरणार, अनेक तास थांबणार, वाळवंटातल्या उन्हात. तिथे त्यांनी पोलादी खांबांवरून केबलांनी ताणलेले, टेफ्लॉन चढवलेल्या काचतंतूच्या कापडाचे २१० तंबू उभे केले. प्रत्येक तंबू सुमारे ४५ मीटर चौरस. बाजू उघड्या, गरम हवा शेंड्यावरच्या झरोक्यातून वर निघून जाणारी, खाली सावली. जन्मभर वाऱ्याशी हिशेब करणाऱ्या माणसाने इथे त्याच वाऱ्याला माणसांच्या अंगावरून वाहायला वाट करून दिली. त्यांच्या साऱ्या कामांत मला हे सर्वांत जवळचं वाटतं, सीअर्सहूनही. १९८१ मध्ये टर्मिनल सुरू झालं. पुढच्याच वर्षी, २७ मार्च १९८२ ला, त्याच जेद्दात कामासाठी गेलेले असताना हृदयविकाराने ते गेले. ५३ वा वाढदिवस आठवड्यावर आला होता. दफन शिकागोच्या ग्रेसलँड दफनभूमीत झालं.

त्यांच्यानंतरच्या उंच इमारती त्यांच्या वाटेवरून आल्या. बुर्ज खलिफाची रचना वेगळी आहे, पण ती त्यांच्याच कंपनीतून, त्यांनी घडवलेल्या परंपरेतून आली. आपल्याकडे ५० मीटरपेक्षा उंच काँक्रीट इमारतींसाठी २०१७ मध्ये भारतीय मानक १६७०० आलं. त्यात सांगाड्याच्या ज्या पद्धती दिल्या आहेत त्यांत नळी आहे, नळीत नळी आहे, अनेक नळ्यांची जुडी आहे. वाऱ्यातलं डोलणं राहणाऱ्याला कितपत जाणवू द्यायचं याचीही मर्यादा त्यात घातलेली आहे. हे कलम ड्रॉइंगवर लिहिताना मला तो हलता मंच आठवतो.

मात्र उंचीचा सगळाच वारसा चांगला नाही. परळ-लालबागला गिरण्यांच्या जागी जे मनोरे झाले त्यांत जागेची काटकसर कुठे दिसत नाही. पोडियमवर सात-आठ मजले नुसत्या गाड्यांचे, आणि वर मोजकी घरं. कमीत कमी मालात जास्तीत जास्त माणसांची सोय, हे खान यांच्या कामाचं मर्म होतं. फुटाला किती किलो, या प्रश्नाच्या पुढे किती माणसांसाठी, हाही प्रश्न आहे, आणि तो आम्हाला कुणी विचारत नाही. आम्हीही विचारत नाही, हे त्याहून वाईट.

शिकागोत सीअर्स टॉवरजवळच्या रस्त्याला खान यांचं नाव आहे. बांगलादेशाने त्यांना मरणोत्तर स्वाधीनता पुरस्कार दिला. इंजिनिअरच्या वाट्याला सहसा इतकं येत नाही. आपल्याकडे बांधकाम चालू असतं तोवर पत्र्याच्या कुंपणावर एक पाटी असते. वर बिल्डरचं नाव ठळक, मग आर्किटेक्ट, आणि खाली कुठेतरी बारीक अक्षरांत 'आरसीसी कन्सल्टंट'. इमारत उभी राहिली की कुंपण निघतं, पाटीही जाते. पुढची पन्नास वर्षं त्या घरांत राहणाऱ्यांना, आपण कुणाच्या हिशेबावर निर्धास्त झोपतो, हे ठाऊक नसतं. सोसायट्यांना माझी एक विनंती आहे. प्रवेशद्वाराशी संगमरवरी पाटी लावताना बिल्डर आणि समितीच्या सदस्यांच्या खाली एक ओळ वाढवा, आणि तिथे सांगाडा रचणाऱ्या इंजिनिअरचं नाव कोरा.